पेटीला जवसाचं तेल

घर पाहायला आलेल्या बाईंनी सगळं नीट पाहिलं. स्वयंपाकघर पाहिलं, गच्चीचा कठडा हाताने हलवून पाहिला, बाथरूमची कडी किती उंचावर आहे ते पाहिलं, अंगणातल्या टाक्याला झाकण आहे का ते विचारलं. मूल दत्तक द्यायच्या आधी कुणीतरी असं घर पाहून जातं हे आम्हाला माहीत होतं, त्यामुळे मी सकाळपासून झाडलेलंच पुन्हा झाडत होते. सगळं आटोपलं, चहा झाला. निघताना चपला पायात सरकवत त्या सहज म्हणाल्या, "मुलीची खेळणी वगैरे कुठे ठेवाल?"

"कपाटात," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली आणि गेल्या.

त्या मान हलवण्यात काहीच नव्हतं, असं नवरा तेव्हाही म्हणाला आणि अजूनही म्हणतो. असेल. पण मी आत जाऊन त्या लोखंडी कपाटासमोर उभी राहिले. दार उघडताना करकर वाजायचं. मूठ माझ्या छातीच्या उंचीला. म्हणजे आपली बाहुली हवी असली की त्या पोरीला दर वेळी कुणाला तरी मागावी लागणार. आत्ता ती जिथे कुठे होती तिथेही तिला मागूनच घ्यावं लागत असेल. ती कोण, कुठे, केवढी, हे आम्हाला अजून काहीच ठाऊक नव्हतं. फाइल पुढे गेली होती, एवढंच. कधी बोलावतील याला तारीख नव्हती.

लग्नाला इतकी वर्षं झाली होती की दवाखान्यांच्या गोष्टी आम्ही घरात काढतच नव्हतो. मी हिंगणघाटला शाळेत शिकवते, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये मशिनी दुरुस्त करतो. तो स्वभावाने थंड. वाट पाहायची म्हणजे त्याच्यासाठी काहीच करायचं नाही. मला ते जमत नाही. फोन वाजला की माझ्या हातातलं खाली पडायचं. वाजला नाही तर मी तो उचलून बघायची, बंद तर नाही पडला.

"खेळण्यांची पेटी करते," मी त्या संध्याकाळी म्हणाले. "लाकडाची. तिच्या उंचीची."

"कोनाकडून?"

"मीच."

तो हसला नाही. त्याला माहीत होतं. माझ्या लहानपणच्या शाळेत हातकाम सक्तीचं होतं. मुली सूत कातायच्या, मुलं सुतारकाम करायची. मला चरख्यापुढे बसवायचंच नाही. पाय हलायचे, धागा तुटायचा, शेजारणीचाही तुटायचा. शेवटी गुरुजींनी कंटाळून मला मुलांच्या बाजूला पाठवलं, आणि रंधा हातात आल्यावर मी पहिल्यांदा शाळेत गप्प झाले. पुढे घरातले पाट, मांडणी, देवाचा चौरंग मीच केले. पण ती सगळी कामं ज्यांना मी ओळखत होते त्यांच्यासाठी होती.

आरा मशीनवर गेले. मालकाने विचारलं, "काय बनवायचं हाय, मॅडम?" मी सांगितलं. त्याने सागवानाकडे बोट दाखवलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मात्र तिथे बराच वेळ रेंगाळले. सागवान देखणं, तेलकट, किडीला दाद न देणारं. पण त्याची फळी उचलली आणि मनात आलं, हे झाकण बोटांवर पडलं तर? बाभूळ त्याहून जड, ते बैलगाडीच्या चाकाला ठीक. आंब्याच्या फळीला बारीक भोकं दिसली, खाली पिठासारखा भुसा सांडलेला. कडुनिंबाला कीड लागत नाही म्हणतात. मी इकडेतिकडे पाहिलं आणि फळीच्या कोपऱ्याला जीभ लावली.

मूल तोंडात घालणारच. पेटीचा काठ चावणार. मग त्याची चव मला माहीत नको?

निंब कडवट लागला. सागाची चव तोंडात रेंगाळली, जुन्या चामड्यासारखी. बिजा, म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा तुकडा ओला होता, त्याने जीभ आवळल्यासारखी झाली. आमच्याकडे साखरेचे पेशंट त्याच्या पेल्यात रात्रभर पाणी ठेवून पितात, तेव्हा ते औषध झालं, लाकूड नव्हे. मी हळदूच्या पिवळ्या ठोकळ्याकडे वळले तेव्हा मालक पाठीमागे उभा होता.

"मॅडम," तो अगदी हळू म्हणाला, "लाकडाची चव पाहून राह्यल्या का तुमी?"

"मुलीसाठी आहे," मी म्हणाले. याने काय उलगडणार होतं! पण त्याने समजल्यासारखी मान डोलवली आणि म्हणाला, "मंग शिवणीचं लाकूड घ्या. हलकं असते, पांढरं असते. पाळण्याले तेच वापरतेत लोक. पन माह्याकडं नाई. तिकडं तळेगाव-आष्टीकडं पाहा."

त्या रविवारी आम्ही अल्लीपूरला गेलो. सासरे तिथे एकटे राहतात. सासूबाई गेल्यापासून त्यांनी कापूस सोडून सगळं रान भाजीपाल्याखाली आणलंय. वांगी, सांबार म्हणजे कोथिंबीर, पालक, उन्हाळ्यात काकडी. आठवड्यातून एकदा भाजीचं पोतं घेऊन बसने आमच्याकडे येतात. दत्तकाबद्दल आम्ही त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त विचारलं होतं, "ठरलं का तुमचं?" आणि हो म्हटल्यावर ते विहिरीवरची मोटार बंद करायला उठून गेले होते. त्यानंतर त्यांनी त्या विषयावर शब्द काढला नव्हता. चांगला नाही, वाईट नाही. नवरा म्हणायचा, बाबाचं तसंच असते. मला मात्र ते न बोलणं दातात अडकल्यासारखं सलायचं.

त्या दिवशी ते वांगी तोडत होते. मी बांधावर बसून शिवणीबद्दल सांगत होते, आणि ते पहिल्यांदा मध्ये बोलले.

"शिवण काऊन? सागवान घे."

"जड होतं, बाबा."

"जडच पाह्यजे. पोरीची पेटी हाय ना? आज खेळणी ठेवन, मोठी झाली का कपडे ठेवन. लग्नात संगं घेऊन जाईन. शिवण का टिकते तेवढं?"

त्यांनी 'पोरीची पेटी' म्हटलं होतं. इतके महिने मी ज्या शब्दाची वाट पाहत होते तो त्यांनी वांग्याचं देठ मोडता मोडता उच्चारला होता. मला बरं वाटायला हवं होतं. पण मी भडकले.

"ती अजून आली नाही, बाबा, आणि तुम्ही तिची पाठवणी करून राह्यले?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सासऱ्यांनी टोपली उचलली, पुढच्या ओळीत गेले आणि तिथून, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "बरं. शिवण तं शिवण. पन बूड सागाचं कर. बूड मजबूत पाह्यजे."

शिवण मिळाली ती तळेगावला. नवऱ्याच्या कारखान्यातल्या एकाचा मामा तिथे संत्र्याचा शेतकरी. शेतात जायची पांदण रुंद करताना त्याच्या बांधावरची शिवण मागच्या वर्षी तोडावी लागली होती आणि चिरलेल्या फळ्या गोठ्याच्या माळ्यावर वाळत पडल्या होत्या. मी फोनवर त्यांना इतके प्रश्न विचारले की ते दमले. गाठी किती आहेत, फळी वाकली आहे का, पाणी तर लागलं नाही. ते म्हणाले, "बाई, आमचा संत्र्याचा ट्रक हैदराबादले जाते. जामले उतरवून देतो. नाई आवडलं तं चुलीत घालजो."

जाम गावाच्या चौकात मी दुपारपासून उभी होते. नवरा ओळखीच्याची मेटाडोर घेऊन कामावरून परस्पर येणार होता. तिथे चारी बाजूंनी गाड्या येतात आणि कुणीच थांबत नाही असं वाटतं. नागपूरकडून येणारा प्रत्येक ट्रक मला संत्र्याचा वाटायचा. मी चहाच्या टपरीवर बसायची, उठायची, रस्त्याच्या कडेला जायची, परत यायची. टपरीवाल्या बाईने शेवटी विचारलंच, "कोन येऊन राह्यलं, ताई? पाव्हणे हायेत का?"

मी म्हणाले, "फळ्या."

तेवढ्यात फोन वाजला. अनोळखी नंबर.  बाहेरगावच्या संस्थेचा नंबर असाच येणार, हे मी स्वतःला कित्येकदा सांगितलं होतं. मी फोन कानाला लावला आणि "हो, बोला, मीच बोलतेय," असं इतक्या मोठ्याने म्हणाले की टपरीतली माणसं वळली.

"म्याडम, ट्रकवाला बोलतोय. आपण कुठं उभ्या आहात?"

ट्रक रस्त्यापलीकडे येऊन कधीचा उभा होता.

फळ्या खाली उतरल्या तेव्हा त्यांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता. पिवळट पांढऱ्या, बोट फिरवलं तर गुळगुळीत, एका हाताने उचलतील इतक्या हलक्या. मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, कोपरा जिभेला लावला. कशाचीच चव नव्हती. बिनचवीचं लाकूड मिळाल्याचा मला एवढा आनंद झाला की मी टपरीवाल्या बाईलाही फळी हातात धरायला दिली.

पेटी करताना मी नीट झोपले नाही. प्रत्येक जोडाला मला एक नवीन भीती सुचायची. कोपरे टोकदार, म्हणून गोल केले. लोखंडी चुका कधीतरी वर येतील, म्हणून लाकडाच्या खुंट्या मारल्या. झाकण जोरात पडलं तर बोटं चेचतील, म्हणून पुढच्या काठाला मुठीएवढी खाच ठेवली आणि बाजूला दोरीचा आधार दिला. मग वाटलं, मूल खेळता खेळता आत जाऊन बसेल आणि झाकण लागेल. त्या विचाराने मी हातातलं काम टाकून उठले आणि पाठीच्या फळीला भोकं पाडत सुटले. नवरा बाजूला बसून पाहत होता.

"आता ही पेटी हाय का गाळणी?" तो म्हणाला.

"तू गप्प बस."

"बरं. पन एक सांग. तिले खेळायले जागा ठेवशीन ना काही? का सगळीकडून भेवच भरशीन?"

 मी भोकं तेवढ्यावर थांबवली.

मग पॉलिशचा प्रश्न आला, आणि लाकडाने जेवढं छळलं नव्हतं तेवढं त्याने छळलं. आमच्या गल्लीत दारं-खिडक्या करणारा एक मिस्त्री राहतो. तो येऊन पेटी पाहून गेला. कौतुकाने पाहिली, आणि मग म्हणाला, "मॅडम, एवढी मेहनत कायले केली? प्लाय घेतला असता, वरून कार्टूनवाला सनमायका. आता काय, मेलामाईन मारून देतो मशीननं. आरशासारखी चमकन." मी विचारलं, चाटलं तर चालतं का. तो म्हणाला, "पेटी कोन चाटते?" त्याचं म्हणणं चूक नव्हतं. त्याच्या तीन मुली याच गल्लीत वाढल्या आणि त्यांनी काही चाटल्याचं कुणाला ठाऊक नाही.

नवरा एके दिवशी गुलाबी ऑइलपेंटचा डबा घेऊन आला. "पोरीची हाय तं रंग पाह्यजे," तो म्हणाला. डब्याचं झाकण उघडलं आणि त्या वासाने माझं डोकं दुखलं. हा वास आत बंद होऊन राहणार, तिच्या कपड्यांना लागणार. मी नको म्हणाले. आवाज चढला असावा, कारण तो डबा तसाच घेऊन गच्चीवर गेला आणि त्याने पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड रंगवून टाकला. आमचा टाकीचा स्टँड अजून गुलाबी आहे.

लाखेच्या पॉलिशचा मी विचार केला. त्याच्यावर ओला पेला ठेवला तर पांढरा डाग पडतो, आणि मुलं सगळं ओलंच ठेवतात. मग सुचलं ते जवसाचं तेल. दुकानातलं उकळलेलं तेल नव्हे. त्यात लवकर वाळायचं औषध घालतात म्हणे. आमच्याकडे घाण्यावर खाण्यासाठी गाळतात ते कच्चं तेल. माझ्या माहेरी झुणक्यावर तेच घ्यायचे. जे मी भाकरीबरोबर खाल्लंय ते पेटीने प्यायलं तर काय बिघडेल?

काहीच बिघडलं नाही. फक्त ते वाळेना.

पहिला हात दिला तेव्हा शिवणीचा पांढरेपणा जाऊन फिका मध उतरला. मी बराच वेळ तिच्याकडे पाहत बसले. दुसऱ्या दिवशी हात लावला, चिकट. त्याच्या दुसऱ्या दिवशी, चिकट. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या होत्या, शाळा नव्हती, आणि मला पेटीला बोट लावून पाहण्याशिवाय उद्योग उरला नव्हता. सकाळी उठले की आधी फोन बघायची, मग पेटीला बोट लावायची. दोन्हीकडून एकच उत्तर. पडवीभर तेलाच्या चिंध्या आणि रंध्याच्या सालपटांचा ढीग. एक दिवस मला ती घाण सहन होईना. मी सगळ्या चिंध्या गोळा केल्या, वेताच्या करंडीत दाबून भरल्या, वर सालपटं टाकली आणि करंडी पेटीजवळ सरकवून ठेवली. पडवी पुसून घेतली. बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सासरे भाजी घेऊन आले. जेवण झालं आणि ते नेहमीप्रमाणे पडवीत पंचा डोक्याखाली घेऊन आडवे झाले. बाहेर आग ओकत होती. पडवीवर पत्रा, त्याखाली गरम हवा कोंडलेली. मी आत कूलरसमोर होते. डोळा लागला होता की नाही आठवत नाही. मला आधी वास आला, फोडणी करपल्यासारखा. मी स्वयंपाकघरात धावले, गॅस बंद होता. मग पडवीतून सासऱ्यांचा आवाज आला.

"पोरीची पेटी! अवं, पेटी!"

मी बाहेर आले तेव्हा पडवीत धूरच धूर होता. करंडी आतून पेटली होती, कुणी काडी न लावता. सालपटांच्या ज्वाळा पेटीच्या उजव्या बाजूला चाटत होत्या. सासरे तिथून बाजूला व्हायचं सोडून दोन्ही हातांनी पेटीचा काठ धरून तिला अंगणात ओढत होते. बूड सागाचं, पेटी मोठी, आणि ते सत्तरीच्या पुढचे. उंबऱ्याला ती अडली. मी दुसऱ्या टोकाला लागले. ती धपकन अंगणात पडली, तेव्हा त्यांनी पाय मारून करंडी उलटवली आणि मी टाक्यातल्या पाण्याची बादली ओतली. दुसरी ओतली. मग आम्ही दोघंही उन्हात उभे राहिलो. 

त्यांच्या उजव्या तळव्याला फोड आले होते. मी हात पाण्यात धरायला लावला. पाणी त्यांच्या धोतरावर सांडत होतं.

"पेटी सोडायची होती, बाबा. पेटी दुसरी केली असती मी."

"सुचलं नाई," ते म्हणाले. मग हात पाण्यातून काढत, "पोरगी येईन तवा विचारन ना, माही पेटी कुठं गेली म्हनून."

"तिला कुठे माहीत आहे पेटी आहे म्हणून?"

"आपल्याले माईत हाय ना."

तेलाने भिजलेल्या चिंध्या दाबून ठेवल्या की आपोआप तापतात आणि पेट घेतात, हे मी नंतर मोबाईलवर वाचलं. मिस्त्रीलाही माहीत नव्हतं. नवऱ्याने संध्याकाळी येऊन काळी पडलेली पडवी पाहिली, बापाचा बांधलेला हात पाहिला, मला पाहिलं, आणि तो चहा करायला आत गेला. त्या थंड माणसाच्या हातून साखरेचा डबा पडलेला मी ऐकला.

जळालेली बाजू मी रंधून काढली. रंधता रंधता फळी इतकी पातळ होत गेली की थांबावं लागलं, आणि कोळशाची फिकी तपकिरी सावली राहिलीच. ती फळी बदलून नवी घालते म्हणाले, तर सासऱ्यांनी डाव्या हाताने नाही अशी खूण केली. मग पुन्हा तेल. या वेळी अगदी पातळ, आणि दर हातानंतर चिंध्या पसरून दोरीवर वाळत घालायच्या. आभाळ भरून यायच्या सुमाराला पेटी कोरडी झाली. ज्या दिवशी बोट चिकटलं नाही त्या दिवशी मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट मी घाबरले. आता करायला काही उरलं नव्हतं.

फोन आला तो मी वर्गात असताना. मी उचललाच नाही. सुट्टीत पाहिला. परत लावला. मुलगी होती, तीन वर्षांची होऊ घातलेली. मोबाईलवर फोटो आला. केस बारीक कापलेले, कॅमेऱ्याकडे न बघता बाजूच्या कशाकडे तरी रागाने बघणारी. मी शाळेच्या पायरीवर बसले. फोटो मोठा करून मी पहिलं काय पाहिलं असेल तर तिची उंची. पेटीचा काठ तिच्या कमरेला येईल का, हे.

तिला घरी आणलं त्याबद्दल मी फार सांगू शकत नाही. प्रवासभर ती रडली नाही, हेच मला भयंकर वाटत होतं. घरी आल्यावर ती चपला काढू देईना. चपला घालूनच झोपली. जेवताना ताट दोन्ही हातांनी धरून ठेवायची. आम्ही पेटीत खेळणी भरून ठेवली होती. कापडी बैल, ठोकळे, एक बाहुली. नवऱ्याने कौतुकाने झाकण उघडून दाखवलं. तिने आत पाहिलं. हात पुढे केला नाही. त्याने झाकण हळूच खाली ठेवलं, आणि पोर किंचाळली.

आम्हाला कळेना काय झालं. झाकण उघडलं की गप्प. लावलं की किंकाळी. असं दिवसभर. तिला कुठे काय बंद होताना पाहावं लागलं होतं, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि कधी कळणारही नाही. मी तिला कडेवर घेऊन फिरत होते, ती माझ्या खांद्यावरून पेटीकडेच बघत होती. शेवटी नवऱ्याने पेचकस आणला, बिजागऱ्या सोडवल्या आणि झाकण काढून गच्चीवर नेऊन ठेवलं. ज्या झाकणासाठी मी लाकूड जिभेवर पारखलं, खाच कोरली, दोरी बांधली, झोप घालवली, ते पेटीवर काही तासही टिकलं नाही. मला वाईट वाटायला वेळच नव्हता. ती माझ्या कडेवरून खाली उतरली होती.

ती पेटीपाशी गेली. काठ धरून उभी राहिली. आतली खेळणी एकेक करून बाहेर काढली आणि मांडली नाहीत, नुसती खाली टाकली. पेटी रिकामी झाल्यावर तिने पायातल्या चपला काढल्या आणि आत ठेवल्या.

पुढचे महिने मी आणखीनच अस्वस्थ होते. वाट पाहण्यातली भीती एका जागी असायची, ही घरभर धावत होती. ताप आला, शिंक आली, ती फार वेळ गप्प बसली, ती फार जोरात हसली, सगळ्याला मी उठून उभी. माझ्याकडे ती यायची, पण पाहुण्याकडे यावं तशी, आई न म्हणता. सासऱ्यांनी तिच्याशी काही विशेष केलं नाही. ते यायचे, भाजी ओतायचे, पडवीत बसून शेंगा निवडायचे. ती जाऊन जवळ बसायची आणि निवडलेल्या शेंगा पुन्हा न निवडलेल्यांत टाकायची. ते परत निवडायचे. 

हिवाळा लागला तेव्हा एका सकाळी ते म्हणाले, "हिले नेतो आज वावरात. संध्याकाळी आनतो."

"बसने? एकटे?"

"मी हाय ना. एकटी कशी?"

माझ्या तोंडावर सतरा कारणं होती. विहीर, मोटार, साप, रस्ता. नवऱ्याने माझा हात धरला, म्हणून मी तिला स्वेटर घातला. बस निघाल्यावर ती खिडकीतून मागे वळूनही पाहीना. घरी येऊन मी भांडी घासली, घासलेली पुन्हा घासली. दुपारी फोन केला, सासऱ्यांनी उचलला नाही. ते वावरात फोन नेतच नाहीत. शेवटच्या बसच्या आधीची बस आली, त्यात ते नव्हते. मी स्टँडवरून हललेच नाही. नवरा म्हणाला, घरी चल. मी म्हणाले, तू जा. तो गेला नाही.

शेवटच्या बसमधून ते उतरले. पोर खांद्यावर झोपलेली, पायांना कोरडी माती, मुठीत एक वांगं. मी तिला घेतलं. जड झाली होती ती, झोपेने.

"रडली का?"

"नाई."

"जेवली?"

"भाकर खाल्ली. ठेचा मागत होती, मी नाई देल्ला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचे केस विंचरत होते. वाढले होते आता, कानामागे जात होते. आजोबा पडवीत पिशवी झटकून घडी करत होते, निघायच्या तयारीत. ती माझ्या गुडघ्यांतून वळली. वळताना कंगवा अडकला, तिने माझा हात रागाने ढकलला. असा राग तिने मला आतापर्यंत दाखवला नव्हता.

"सोड नं, आई! मले जाचं हाय!"

आजोबा तिथेच थांबले. मी कंगवा सोडवला, पण तिला लगेच सोडलं नाही. एका बाजूची रिबन बांधायची राहिली होती.